बटण, मीटर आणि बिल

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात विद्यापीठाच्या परीक्षांना दोनच नावं. उन्हाळी आणि हिवाळी. पुण्या-मुंबईचे मित्र "एप्रिलची एक्झाम", "ऑक्टोबरची एक्झाम" म्हणायचे तेव्हा मला गंमत वाटायची. आमच्या गुणपत्रिकेवर सरळ ऋतूच छापलेला! आणि तो अगदी योग्य छापलेला आहे, कारण उन्हाळी परीक्षा ही नुसती अभ्यासाची परीक्षा नसतेच. सुलतानपूर, मेहकर, लोणार या आमच्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या पुढे जातो. दुपारचा पेपर, सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर सकाळपासून तापत आलेला स्लॅब आणि ती तापलेली हवाच इमानेइतबारे खाली ढकलणारा पंखा. त्यात लाइन गेली की संपलंच.

तर या विकांताचा विषय: कॉलेजच्या आणि विद्यापीठाच्या ज्या इमारती आधीच बांधून झाल्या आहेत, त्यांचं काय करायचं? विजेच्या बाबतीत म्हणतोय मी.

'ग्रीन बिल्डिंग' हा शब्द आता सगळ्यांच्या ओळखीचा आहे. हिंजवडीत किंवा बाणेरला एखादी नवी काचेची इमारत उभी राहते, तिला कुठलंसं मानांकन मिळतं, लॉबीत त्याची पाटी लागते. चांगलंच आहे. पण कॉलेजं काही दर दहा वर्षांनी नवीन बांधली जात नाहीत. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं, नागपूर १९२३ चं, पुणे १९४९ चं आणि आमचं अमरावती १ मे १९८३ चं (त्याआधी आमच्याकडची कॉलेजं नागपूर विद्यापीठात होती). या विद्यापीठांखालच्या हजारो वर्गखोल्या आज जशा आहेत तशाच अजून तीस-चाळीस वर्षं वापरल्या जाणार आहेत.

आमच्या धंद्यात याला 'लेगसी सिस्टिम' म्हणतात. पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला कोड, लिहिणारा केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेलेला, सगळे त्याला शिव्या देतात, पण बंद करायची कुणाची टाप नाही कारण कंपनीचा धंदा त्यावरच चाललेला. "नवीन लिहू" म्हणणारे येतात आणि जातात. शेवटी शहाणा माणूस तो कोड आधी नीट वाचतो, कोणी काय विचार करून लिहिला होता ते समजून घेतो आणि मग एकेक दुरुस्ती करतो. इमारतींचंही तसंच करायला हवं. म्हणून थोडा इतिहास.

सगळ्यात जुन्या इमारतींपासून सुरुवात करू. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारातला दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये पूर्ण झाला आणि ग्रंथालय व राजाबाई टॉवर १८७८ मध्ये. आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाचे. हा गृहस्थ भारतात कधी आलाच नाही! तरीही त्या इमारतींना कमानींचे व्हरांडे आहेत, जाड दगडी भिंती आहेत, उंचच उंच छतं आहेत. कारण सोपं आहे. तेव्हा वीज नव्हती. उजेड हवा तर खिडकी मोठी, वारा हवा तर कमान उघडी, ऊन नको तर व्हरांडा पुढे. इमारतीलाच दिव्याचं, पंख्याचं आणि पडद्याचं काम करावं लागायचं.

पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीची गोष्ट जरा वेगळी. ती बांधली गेली १८६० च्या दशकात, मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरसाठी. गव्हर्नरसाहेब उन्हाळ्यात महाबळेश्वरला जायचे आणि पावसाळा पुण्यात काढायचे, त्यामुळे हे होतं त्यांचं पावसाळी घर. म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या सगळ्यात प्रसिद्ध इमारतीला मुळात उन्हाळी परीक्षेला बसायची वेळच येणार नव्हती :-)

आणि साहेबाचंच कशाला? आमच्याकडची धाब्याची घरं घ्या. जाड मातीच्या भिंती, वर लाकडावर पांढऱ्या मातीचा जाड थर. भर दुपारी बाहेर फुफाटा आणि आत गारवा. यात जादू काही नाही. जाड मातीतून उष्णता आत यायला कित्येक तास लागतात. दुपारचं ऊन आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र झालेली असते, आणि रात्री माणसं अंगणात नाहीतर धाब्यावर झोपायला गेलेली असतात. म्हणजे उष्णता घरात येते तेव्हा घरात कोणी नसतं. काय झकास वेळापत्रक आहे!

मग सिमेंट आलं. स्लॅब आला. कॉलेजं भराभर वाढायची होती, खेड्यापाड्यांतून पहिल्यांदाच शिकायला येणारी पोरं सामावून घ्यायची होती, आणि चार-पाच इंचांचा स्लॅब टाकून एकावर एक खोल्या उभ्या करणं हा सगळ्यात स्वस्त आणि वेगवान उपाय होता. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्या स्लॅबखाली बसूनच आमच्या भागातल्या पिढ्या पदवीधर झाल्या. पण त्याबरोबर एक बदल गुपचूप झाला. जे काम भिंत आणि छप्पर करत होतं ते आता विजेने करायचं ठरलं. पातळ स्लॅब दुपारी एकला तापतो आणि तीनला आतल्या डोक्यांवर उष्णता सोडतो, नेमकी पेपर चालू असताना. जुन्या सिमेंटचा काळपट पडलेला पृष्ठभाग त्यावर पडणाऱ्या उन्हातला निम्म्याहून जास्त भाग पिऊन टाकतो. मग पंखे लावा. पंखे पुरत नाहीत, कूलर लावा. प्राचार्यांच्या खोलीत एसी लावा.

आणि ज्या जुन्या इमारतींना व्हरांडे होते, त्यांचंही आपण काय केलं बघा. जागा कमी पडते म्हणून व्हरांड्याला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावून केबिन काढल्या. छताजवळचे झरोके धूळ येते, कबुतरं येतात म्हणून प्लायवूड ठोकून बंद केले. एसीची थंड हवा वर जाऊ नये म्हणून खाली फॉल्स सीलिंग केलं. कुठल्याही जुन्या कॉलेजात चक्कर मारा, यातलं एक तरी दिसेलच. कोड लिहिणाऱ्याने एक फंक्शन नीट लिहून ठेवलं होतं, आपण ते कॉमेंट करून टाकलं आणि वर "सिस्टिम स्लो आहे" म्हणून नवा सर्व्हर मागवला. असो.

आता जरा लांब जाऊ, अमेरिकेत. कारण उभ्या असलेल्या विद्यापीठाच्या इमारतीत वीज वाचवायची कल्पना आधुनिक शास्त्र म्हणून जिथे रुजली, त्यातली एक महत्त्वाची जागा म्हणजे बर्कली. आणि त्याची सुरुवात चक्क दिव्याचं बटण शोधण्यातून झाली.

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. आर्थर रोझेनफेल्ड हे तेव्हा बर्कलीच्या प्रयोगशाळेत कणभौतिकीचे प्राध्यापक होते. साधा माणूस नव्हे, एन्रिको फर्मींचा विद्यार्थी. नोव्हेंबरमधल्या एका शुक्रवारी रात्री घरी निघताना त्यांनी हिशेब केला, की आपल्या खोलीतले दिवे शनिवार-रविवार असेच चालू राहिले तर पाच गॅलन, म्हणजे जवळपास १९ लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा जाळतील. त्यांच्या मजल्यावर अशा वीस खोल्या होत्या. म्हणून ते सगळे दिवे बंद करायला निघाले. अडचण एकच होती, बटणं सापडेनात! कुठे पुस्तकांच्या कपाटामागे, कुठे फायलींच्या कपाटामागे, कुठे भिंतीवरच्या पोस्टरखाली. वीस मिनिटं खटपट करून त्यांनी सगळे दिवे बंद केले. वाचलं शंभर गॅलन.

मला या गोष्टीत शंभर गॅलनपेक्षा ती झाकलेली बटणं जास्त महत्त्वाची वाटतात. जगातल्या हुशार लोकांनी भरलेला मजला. प्रत्येकाला ऊर्जेचं सूत्र पाठ. आणि एकालाही आपल्या खोलीचं बटण कुठे आहे याची गरज पडली नव्हती, कारण बिल विद्यापीठ भरत होतं. अज्ञान हा प्रश्न नव्हताच. बटण एकाच्या हातात, मीटर दुसऱ्याच्या कुलपात आणि बिल तिसऱ्याच्या टेबलावर, हा प्रश्न होता.

रोझेनफेल्ड यांनी नंतर कणभौतिकी सोडली आणि उरलेलं आयुष्य ऊर्जाबचतीला दिलं. १९७४ च्या उन्हाळ्यात प्रिन्स्टनला भौतिकशास्त्रज्ञांचा महिनाभराचा अभ्यासवर्ग झाला, त्यातून हा विषय आकाराला आला. त्यांच्या प्रयोगशाळेत ट्यूबलाइटसाठी इलेक्ट्रॉनिक चोकवर काम झालं, उष्णता अडवणाऱ्या खिडकीच्या काचांवर झालं, पुढे पांढऱ्या छतांवरही झालं. २०१७ मध्ये ते गेले. त्याआधी, २०१० मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या नावाचं एक एकक सुचवलं होतं. एक 'रोझेनफेल्ड' म्हणजे वर्षाला ३ अब्ज युनिट विजेची बचत, म्हणजेच ५०० मेगावॅटचं एक कोळशाचं वीजकेंद्र बांधावं न लागणं. आपल्या हिशेबात सांगायचं तर शेगावहून अकोल्याला रेल्वेने जाताना पारसचं औष्णिक केंद्र लागतं, २५० मेगावॅटचे दोन संच असलेलं. ते अख्खं केंद्र म्हणजे एक रोझेनफेल्ड.

इथे एक मराठी माणूस गोष्टीत येतो. डॉ. अशोक गाडगीळ. मुंबईचे, मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, पुढे आयआयटी कानपूर आणि मग बर्कलीला रोझेनफेल्ड यांचेच विद्यार्थी. (पाणी शुद्ध करण्याचं त्यांचं काम जास्त प्रसिद्ध आहे. २०२३ मध्ये त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं.) १९९० च्या आसपास त्यांनी मुंबईसाठी एक योजना मांडली, 'बेल'. बॉम्बे एफिशियंट लाइटिंग लार्ज-स्केल एक्सपेरिमेंट असं लांबलचक नाव. कल्पना साधी होती. साध्या बल्बच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याच्या विजेत तेवढाच उजेड देणारे सीएफएल दिवे तेव्हा महाग होते. गरीब घर एकदम तेवढे पैसे काढू शकत नाही. मग वीज कंपनीनेच दिवा द्यावा आणि त्याचे पैसे महिन्याच्या बिलातून थोडे थोडे वळते करावेत. बिल तसंही कमीच येणार, त्यामुळे हप्ता जाणवणारच नाही.

बटण, मीटर आणि बिल एका ओळीत आणायचा हा प्रयत्न होता. तो बाजारात पोचण्याआधीच अडकला, आणि तो कसा अडकला यावर गाडगीळांनी १९९४ मध्ये लेखही लिहिला. त्याच दशकात मेक्सिकोतल्या दोन शहरांत 'इलुमेक्स' नावाने अशाच धर्तीचा कार्यक्रम प्रत्यक्षात आला. आपल्याकडे मात्र वीस-पंचवीस वर्षं गेली.

त्या वर्षांत महाराष्ट्रात काय झालं हे सांगायलाच हवं, कारण ती वर्षं आमच्या पिढीचं लहानपण आहेत. दाभोळचा एन्रॉनचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला. ६ जून २००५ ला वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती झाल्या. राज्यात हजारो मेगावॅटची तूट होती आणि तिचं नाव होतं भारनियमन. खेड्यांत दिवसाचे दहा-बारा तास लाइन नसायची. मी शाळेत होतो तेव्हा; कंदिलाची काच पुसणं हा गृहपाठाचाच भाग होता. त्याच काळात, २००६ च्या जूनपासून पुणे शहर भारनियमनमुक्त झालं. कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे आणि त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी वाटून घ्यायचा, असं ते 'पुणे मॉडेल'. हुशारीची व्यवस्था होती, शंकाच नाही. पण ज्याच्याकडे पैसे होते त्याने अंधारातून सुटका विकत घेतली हेही खरंच.

गंमत अशी की वीज होत होती आमच्याच बाजूला. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा सगळी विदर्भात. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत १९९९ मध्ये सुमारे ७५० किलोमीटर लांबीची १५०० मेगावॅट क्षमतेची उच्चदाब वाहिनी टाकली गेली, वीज पश्चिमेला न्यायला. वाहिनी पूर्वेकडून पश्चिमेकडे, आणि इंजिनियर झालेली पोरंही पूर्वेकडून पश्चिमेकडे. मी दुसऱ्या प्रकारात मोडतो, त्यामुळे जास्त बोलत नाही.

५ जानेवारी २०१५ ला 'उजाला' योजना सुरू झाली. केंद्राच्या ईईएसएल कंपनीने एलईडी बल्ब लाखोंनी, मग कोटींनी एकगठ्ठा खरेदी केले. २०१४ च्या सुरुवातीला कंपनीला एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता, २०१६ मध्ये ३८ रुपयांना. घराघरांत ३६ कोटींहून जास्त बल्ब गेले. आणि पैसे कसे घ्यायचे? अनेक ठिकाणी हाच मार्ग होता: दहा रुपये आधी द्या, बाकीचे महिन्याला दहा-दहा रुपये वीजबिलातून. म्हणजे गाडगीळांची 'बेल' पाव शतकानंतर वाजली! दिव्याचं तंत्र या काळात बदललं, पण योजना चालली ती मुख्यतः खरेदी आणि हप्ता नीट जमवल्यामुळे.

पंख्याची गोष्टही अशीच. आपला नेहमीचा छताचा पंखा ७५ वॅट खातो, आणि कित्येक दशकं तेवढंच खात आला. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटाने (गिरीश संत यांनी उभा केलेला, २०१२ मध्ये ते फार लवकर गेले) अतिकार्यक्षम पंख्यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रमाची मांडणी केली. मग आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या ॲटमबर्ग कंपनीने २०१५ च्या सुमारास २८ वॅटचा बीएलडीसी पंखा बाजारात आणला. आतला मोटरचा प्रकार बदलला, फिरत्या भागात चुंबकं आली, आणि तेवढाच वारा निम्म्याहून कमी विजेत मिळू लागला. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं.

आता हे सगळं एका वर्गखोलीत बसवून बघू. इंजिनियर आहे, हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. समजा, खोलीत ४ पंखे आणि ६ ट्यूब. जुने पंखे ७५ वॅटचे, म्हणजे ३००. जुन्या ४० वॅटच्या ट्यूब, तांब्याच्या चोकसकट ५२ वॅट धरू, म्हणजे ३१२. एकूण ६१२ वॅट. आता ३० वॅटचे पंखे आणि २० वॅटच्या एलईडी ट्यूब लावल्या तर १२० अधिक १२०, म्हणजे २४०. फरक ३७२ वॅट. दिवसाला ६ तास आणि वर्षाला २२० दिवस धरले तर साधारण ४९० युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरा, वर्षाला ४,९०० रुपये. खर्च? पंखा ३,००० चा आणि ट्यूब २५० ची धरली तर १३,५००. पावणेतीन वर्षांत पैसे वसूल, आणि पंखा त्यापुढेही कित्येक वर्षं फिरतोच.

बँकेत असं व्याज कोणी देईल का? मग कॉलेजं हे का करत नाहीत?

कारण तेच, बर्कलीतलं झाकलेलं बटण. सरकारी कॉलेजात इमारतीच्या विजेचं काम बघते सार्वजनिक बांधकाम विभागाची विद्युत शाखा. अनुदानित कॉलेजात बिल भरलं जातं वेतनेतर अनुदानातून नाहीतर संस्थेच्या खिशातून. खरेदी होते सगळ्यात कमी दराच्या निविदेवर, आणि निविदेत पंख्याची किंमत बघतात, पुढच्या दहा वर्षांचं बिल कोणी बघत नाही. आणि समजा एखाद्या विभागप्रमुखाने धडपड करून बिल कमी केलंच, तर वाचलेला पैसा त्याच्या विभागाला मिळतो का? पुढच्या वर्षी विजेची तरतूदच तेवढी कमी होते. म्हणजे बक्षीस म्हणून कात्री!

वर एक कागद असतोच. २०१७ पासून नॅकच्या नव्या चौकटीत ऊर्जाबचत, एलईडी, सौरऊर्जा यांना गुण आहेत. हेतू चांगला. पण बऱ्याच ठिकाणी त्याचा 'एनर्जी ऑडिट' नावाचा स्पायरल बाइंडिंग केलेला अहवाल होतो, समिती येण्याआधी कपाटातून बाहेर निघतो आणि समिती गेली की परत कपाटात. रोझेनफेल्ड यांना बटण कपाटामागे सापडलं, आपल्याकडे ते कपाटाच्या आतच ठेवलेलं असतं.

यावरची युक्ती जगात जुनी आहे. हार्वर्ड विद्यापीठाने २००१ मध्ये एक फिरता निधी नव्याने सुरू केला. एखाद्या विभागाने दिवे, पंखे, खिडक्या बदलायच्या तर त्या निधीतून बिनव्याजी पैसे घ्यायचे आणि वाचलेल्या बिलातून परत करायचे. परत आलेले पैसे पुढच्या विभागाला. ऐकल्यासारखं वाटतंय ना? आमच्या गावाकडच्या बचत गटातल्या बायका वर्षानुवर्षं हेच करत आल्यात! एकीला शेळीसाठी, दुसरीला शिलाई मशीनसाठी, आणि पैसा गटातच फिरता. कॉलेजचा 'पंखा बचत गट' निघायला हार्वर्डची गरज नाही. सरकारी पातळीवरही सुरुवात झालेली आहे. २०१७ मध्ये राज्याच्या बांधकाम विभागाने सरकारी इमारतींसाठी ईईएसएलशी करार केला. पण गावाकडच्या अनुदानित, विनाअनुदानित कॉलेजाच्या वरच्या मजल्याला आपलं आपणच बघावं लागणार.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. बर्कलीत बचत म्हणजे जास्तीचं बंद करणं होतं. रिकाम्या खोल्यांत दिवे जळत होते. आमच्याकडे जास्तीचं आहेच काय? चार पंख्यांतला एक बंद, एक खडखड करणारा. परीक्षेला पोरं आधी नंबर बघतात आणि मग पंखा कुठे आहे ते बघतात. अशा खोलीत "वीज वाचवा" अशी पाटी लावणं म्हणजे उपाशी माणसाला डाएट सांगणं. इथे वाचलेल्या विजेतून काहीतरी मिळालं पाहिजे: दोन जास्तीचे पंखे, एक चालणारा कूलर, पेपर होईपर्यंत टिकणारा बॅटरीचा बॅकअप. ६१२ वॅटच्या जागी २४० मध्ये काम भागलं तर उरलेल्यात हे सगळं बसतं आणि तरी बिल वाढत नाही.

आपलं ऑफिस याच्या बरोबर उलट टोकाला. मे महिन्यात हुडी घालून बसणारी जमात आहोत आपण. २०२० पासून नव्या एसींना सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवणं सक्तीचं झालं तेव्हा कुरकुर झालीच होती. खरं तर रूडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेतल्या शर्मा आणि शराफत अली या संशोधकांनी १९८६ मध्येच भारतीयांसाठी 'ट्रॉपिकल समर इंडेक्स' काढला होता. त्यात २५ ते ३० हा पट्टा बहुतेकांना सुखाचा ठरतो. वारा मिळाला तर आपल्याला बर्फासारखी खोली लागत नाही.

पण पंखा हवा थंड करत नाही हेही लक्षात ठेवायला हवं. डोक्यावरचा स्लॅब तापलेला असेल तर पंखा तीच भट्टी ढवळतो. आणि कूलर आमच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो, पण त्याला पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकर बोलवावा लागणाऱ्या भागात ते कुठून आणणार? म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी गच्ची: चुन्याचा पांढरा हात, नाहीतर फुटक्या पांढऱ्या फरशांचे तुकडे बसवायचे. ताजा चुना निम्म्याहून जास्त ऊन परत पाठवतो, आणि दर उन्हाळ्याआधी तो मारायला इंजिनियर लागत नाही. मग ठोकलेले झरोके उघडायचे, हवं तर बारीक जाळी लावून. मग पंखे, मग दिवे, आणि प्रत्येक बाकांच्या रांगेला वेगळं बटण. मीटर प्रत्येक मजल्याला वेगळा, आणि त्याचा दर महिन्याचा आकडा नोटीस बोर्डावर, हजेरीच्या यादीशेजारी. सोलर सगळ्यात शेवटी. कारण तीस खोल्यांच्या कॉलेजाला आधी १८ किलोवॅट लागत असतील आणि दुरुस्तीनंतर ७, तर पॅनेल सातासाठी घ्यायचे की अठरासाठी?

शेवटी एक विनंती, पश्चिमेला आलेल्या माझ्यासारख्या सगळ्यांना. माजी विद्यार्थी मेळाव्याचं आमंत्रण आपल्याला येतंच. बॅच वर्गणी काढते आणि प्रवेशद्वाराची कमान होते, नाहीतर नावं कोरलेला वॉटर कूलर. या वेळी एका वर्गखोलीचे १३,५०० रुपये विचारून बघा. आपल्यातल्या एकेकाच्या मोबाइलची किंमत त्याहून जास्त असते. फक्त देताना एक अट घाला: या खोलीचं वाचलेलं बिल पुढच्या खोलीच्या पंख्यांना जाईल, आणि तो हिशेब भिंतीवर लागेल. पंखे कोणी दिले याची पाटी नसली तरी चालेल. बटणापुढे कपाट मात्र नको.